इंदूताई मोघे आणि तळघरातला पूल

माझी मिशी इंदूताई मोघ्यांनी प्रेशर कुकरच्या शिट्टीवर जिंकून नेली.

इंदूताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही करोल बागेतलं भाड्याचं घर वडिलांवर सोपवून नोएडात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. चारी बाजूंना अर्धवट उभ्या इमारती, रस्त्यांना नावं नाहीत, नुसते सेक्टरचे आकडे, आणि लाइट संध्याकाळी जी जायची ती कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. त्या संध्याकाळी इंदूताई विरजण मागायला आल्या आणि तेवढ्यात लाइट गेली. माझी बायको नलिनी मेणबत्ती शोधू लागली. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत होता.

अंधारातून इंदूताईंचा आवाज आला, "अहो वैद्य, कुकरची शिट्टी आधी होईल की लाइट आधी येईल?"

"शिट्टीच होणार," मी म्हणालो.

"मी म्हणते लाइट. लावता पैज?"

"लावली," मी हसत म्हणालो.

"काय लावता?"

"तुम्ही म्हणाल ते!"

"मग मिशी लावा."

मी आणखी मोठ्यानं हसलो आणि लाइट आली. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली. इंदूताईंनी विरजणाची वाटी ओट्यावर ठेवली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "दाढीचं सामान कुठे असतं तुमचं?"

"अहो, मी गमतीत म्हटलं होतं!"

"गमतीत?" साठी उलटलेल्या त्या बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी देवघरात चपला घालून गेलो होतो. "मग खेळलात कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी बिनमिशीचा ऑफिसात गेलो. दिल्लीत पिकल्या वयाच्या माणसानं एकाएकी मिशी काढली की त्याचा एकच अर्थ होतो. शिपायानं डोळे पुसत मला पाणी आणून दिलं. आमच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून "भगवान की मर्ज़ी" म्हटलं, आणि कुणीतरी सांत्वनासाठी करोल बागेत घरी फोन केला. तो फोन उचलला माझ्या वडिलांनी. त्यांनी रीतीप्रमाणे "कोण गेलं?" म्हणून विचारलं, तर पलीकडून त्यांचंच नाव आलं! त्यांना बसलेला धक्का ओसरायला आठवडा लागला. माझा अजून ओसरलेला नाही.

तर अशा या इंदूताई. लहानशी चण, पांढरा अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली शाळकरी मुलांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा शिरीष अमेरिकेत. सगळा जन्म दिल्लीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेला. पुढे गल्लीबोळात एसटीडीचे पिवळे बूथ उगवले, जो तो आपला नंबर आपणच फिरवू लागला आणि इंदूताई निवृत्त झाल्या. नोकरी सुटली तरी नोकरीची भाषा सुटली नव्हती. गप्पा रंगात आल्या की मधेच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" समोरचा जरा घुटमळला की उठून चालू लागायच्या. कंटाळवाण्या माणसाबद्दल त्यांचं मत एवढंच असे: "लाइन खराब आहे त्यांची."

पैजेला मात्र त्यांना विषयाचं बंधन नव्हतं. दूधवाला आधी येईल की पेपरवाला, वरच्या टाकीतलं पाणी आंघोळीपर्यंत पुरेल की संपेल, सरकार टिकेल की पडेल. पण पैशाची पैज त्या कधी लावायच्या नाहीत.

"पैसे काय, परत मिळवता येतात," त्या म्हणायच्या. "पैसे लावणं हा भित्र्या माणसांचा उद्योग आहे. हरल्यावर माणसाला लागलं पाहिजे, वैद्य. लागलं नाही तर तो खेळला कशाला?"

मी स्वतः आयुष्यात कुठलाच खेळ धड खेळलेलो नाही. त्यामुळे खेळाविषयी माझी मतं फार ठाम आहेत. खेळ हा निखळ आनंदासाठी असावा, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं.

अशात आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये तळघरात पूल पार्लर उघडलं.

करोल बागेतल्या वडिलांना मी ही बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पूल? यमुनेवर आणखी एक?" मी म्हणालो, "नाही बाबा, खेळायचा पूल. टेबलावर रंगीत बॉल असतात, ते काठीनं भोकात ढकलायचे." ते म्हणाले, "आणि तू त्यापायी करोल बाग सोडलीस!"

सोसायटीत हाहाकार उडाला. मुलं कॉलेजच्या वेळेत तळघरात सापडू लागली. तिथं पैसे लावून खेळतात अशी कुजबुज सुरू झाली. आमचे सेक्रेटरी चड्ढासाहेब, भरघोस आवाजाचे, मोटार पार्ट्सचे व्यापारी, त्यांनी तातडीची सभा बोलावली. त्यांचा स्वतःचा मुलगा टोनी तिथं पडीक असायचा, हे सभेला माहीत होतं आणि चड्ढासाहेबांनाही, पण कुणी बोललं नाही. पाहणी करून पार्लर बंद करवण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली: चड्ढासाहेब, मी आणि इंदूताई. इंदूताईंना घेतलं ते वयाकडे आणि अंबाड्याकडे पाहून. बाईमाणूस बरोबर असलं की पोरं वचकतील, असा हिशेब होता.

आम्ही दुपारी जिना उतरून खाली गेलो. सिगारेटचा धूर, लोंबणाऱ्या दिव्यांखाली दोन हिरवी टेबलं, भिंतीवर 'जुआ खेलना सख़्त मना है' अशी पाटी, आणि त्या पाटीखालीच एकजण नोटा मोजत होता. चड्ढासाहेबांना पाहून त्यानं नोटा गपकन तोंडात घातल्या. पार्लरचा मालक बबलू नावाचा गोल चेहऱ्याचा तरुण होता. तो हात जोडत पुढे आला.

"अंकलजी, ये तो बस दोस्ती-यारी में। टाइमपास।"

चड्ढासाहेबांनी आवाज चढवला. पोलीस, अथॉरिटी, संस्कार, सगळं काढलं. मी मधूनमधून "बिल्कुल" म्हणत होतो. इंदूताई कुठे होत्या? त्या टेबलाभोवती गोल फिरत होत्या. मग त्या वाकल्या, एक डोळा मिटला आणि बॉलच्या रेषेत पाहत मला म्हणाल्या, "अहो, हा तर कॅरम! उभ्यानं खेळायचा."

एक्स्चेंजच्या कँटीनमध्ये कॅरमला इंदूताईंच्या समोर बसायला बायका घाबरायच्या, हे मला तेव्हा कळलं. बबलूनं त्यांना खेळ समजावला. एकाच्या वाट्याला रेघांचे बॉल, दुसऱ्याच्या वाट्याला बिनरेघांचे. पांढऱ्या बॉलनं ढकलून आपापले सगळे घालायचे आणि शेवटी काळा. काळा जो घालेल तो जिंकला. पण काळ्याच्या वेळी पांढरा आत गेला तर डाव गेला.

"अच्छा, राणी काळी असते म्हणा की," इंदूताई म्हणाल्या. मग हिंदीत बबलूला म्हणाल्या, "सुनो बेटा। मैंने ये लाल वाला डाल दिया, तो इस टेबल पर आज से पैसा नहीं लगेगा. और नहीं डाला, तो हमारी कमेटी सभा में बोलेगी कि पार्लर अच्छा है।"

"आंटीजी, पक्का?"

"पैज ती पैज," इंदूताई मराठीत म्हणाल्या. बबलूला ते समजलं. चड्ढासाहेबांना आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पदर खोचला, काठी हातात घेतली आणि मारला. लाल बॉल भोकाच्या तोंडाशी गेला, दोन्ही ओठांवर आपटला आणि परत फिरला.

"लाइन एंगेज," इंदूताई शांतपणे म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सभेत उभं राहून त्यांनी निवेदन केलं की पार्लर उत्तम आहे, हवा जरा कोंदट आहे, तेवढा पंखा लावावा. चड्ढासाहेब कपाळाला हात लावून बसले. कुणीतरी विचारलं, "लेकिन मैडम, वहाँ जुआ होता है कि नहीं?" इंदूताई म्हणाल्या, "होता है. मैं खुद हार के आई हूँ।"

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी तळघरात जाऊ लागल्या. 'सराव करते' म्हणाल्या. जिन्यात भेटल्या की त्यांच्या बोटांना, काठीच्या टोकाला लावतात तो निळा खडू लागलेला असायचा. नलिनीला मौज वाटायची, मला रात्री झोप येईना. आपल्या घराच्या डोक्यावर एक जुगारी बाई राहते, तिला आपण विरजण देतो, ही कल्पना मला सहन होत नव्हती. त्यात पावसाळा सरला तशा त्या बबलूशी तीच पैज पुन्हा खेळल्या, आणि या वेळी लाल बॉल भोकात गेला.

बबलू शब्दाला जागला. टेबलावरचा पैसा बंद झाला. पोरं निघून जातील असं त्याला वाटलं होतं. पण इंदूताईंनी त्यांना पैशापेक्षा भयंकर गोष्टी लावायला शिकवलं.

पहिला बळी चड्ढासाहेबांचा टोनी. त्याची मानेवर रुळणारी पोनीटेल होती. ती कापावी म्हणून चड्ढासाहेबांनी धमक्या दिल्या होत्या, मोटरसायकलची लालूच दाखवली होती, गुरुद्वारात नवस बोलले होते. इंदूताईंनी ती एका डावात जिंकली. टोनी स्वतः न्हाव्याकडे जाऊन आला आणि ती शेंडी कागदात बांधून त्यांच्या दारात ठेवून गेला. संध्याकाळी चड्ढासाहेब बेसनाचे लाडू घेऊन वर चढले. बाईंवर ओरडावं की त्यांच्या पाया पडावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी ते नुसतेच डबा पुढे करून उभे राहिले.

एका पेजर विकणाऱ्या मुलाला हरल्यावर अबोला धरलेल्या भावाच्या घरी जाऊन जेवून यावं लागलं. दुसऱ्या एकाला आईचा गुलाबी स्वेटर घालून कॉलेजात जावं लागलं. इंदूताई स्वतः हरल्या की तेही तितक्याच इमानानं फेडायच्या. एकदा संध्याकाळी सगळी सोसायटी फाटकाशी फेऱ्या मारत असताना टोनीची मोटरसायकल धडधडत आली. मागे हेल्मेट घालून, साडीचा काष्टा मारून इंदूताई! त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली.

"अहो, या वयात!" मी नंतर म्हणालो.

"हरले ना मी," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? जिंकले असते तर वाईट वाटलं असतं."

हे सगळं असं चाललं असताना हिवाळ्याच्या तोंडावर शिरीष आला.

बऱ्याच वर्षांनी आला होता. उंच, जरा वाकलेला, हळू बोलणारा. त्यानं आल्या आल्या आईला सांगितलं की फ्लॅट विकून टाकू, तू माझ्याकडे चल. इंदूताईंनी 'बघू' म्हटलं आणि त्याला थालीपीठ वाढलं. दोन दिवसांनी तो खाली आमच्याकडे आला तो घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानं. चड्ढासाहेब त्याला फाटकात भेटले होते आणि त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं, "बेटा, तेरी माँ जैसा जुआरी पूरे सेक्टर में नहीं है!"

"वैद्यकाका, हे खरं आहे?" शिरीष म्हणाला. "आई रविवारी फोनवर मला सांगते, भजनाला जाते म्हणून. तुम्ही खाली राहता, तुम्ही तरी काही बोलायचं!"

मी काय बोलणार? माझ्या ओठावर तेव्हा कुठे पुन्हा नीट केस आले होते. "चल, दाखवतो," एवढंच म्हणालो.

आम्ही जिना उतरलो तेव्हा इंदूताई टेबलावर वाकलेल्या होत्या, आणि भोवती पाचसहा पोरं श्वास रोखून उभी होती. बॉल आत गेला. पोरांनी आरडाओरडा केला. "क्या बात है आंटीजी!" इंदूताई वळल्या आणि त्यांना मुलगा दिसला.

त्या लाजतील, निदान पदर तरी सारखा करतील, असं मला वाटलं. त्यांनी काठीला खडू लावला.

"ये," त्या म्हणाल्या. "खेळतोस?"

"आई, हे काय चाललंय?"

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय ना? इथंच देते. एक डाव खेळू. तू जिंकलास तर मी तुझ्याबरोबर येते, फ्लॅट विकून, सगळं आवरून. मी जिंकले तर हा विषय तू पुन्हा कधी काढायचा नाहीस. कधीच नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बबलूला मराठी कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "अंकलजी, आंटीजी ने क्या लगाया?" मी सांगितलं.  टोनी म्हणाला, "खुद को? खुद को लगा दिया?"

पत्नीला पणाला लावल्याची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पण आईनं स्वतःलाच पणाला लावलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. मी पुढे होऊन म्हणालो, "इंदूताई, ही काय खेळावर सोडायची गोष्ट आहे? वर चला, चहा घेऊ, नीट बोलू." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शिरीषनं कोट काढून माझ्या हातात दिला आणि काठी उचलली.

आणि पोरगा खेळायला लागला तसा आमचा सगळ्यांचा धीर सुटला. अमेरिकेत कॉलेजच्या होस्टेलात त्यानं दुसरं काही केलं नसावं. एकामागून एक बॉल जात होते. इंदूताईही जीव तोडून खेळत होत्या. त्यांना इतकं गप्प राहून खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी, ज्याला हे तळघर बंद व्हायला हवं होतं, तो मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होतो, की त्यांचा बॉल जाऊ दे.

शेवटी इंदूताईंचे दोन बॉल राहिले, आणि शिरीषचा फक्त काळा. तोही भोकाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडला असता. पांढरा बॉल त्याच्या समोर सरळ रेषेत. टोनीनं तोंड फिरवलं.

शिरीष वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. एकदा मान वर करून त्यानं तळघरभर नजर फिरवली, भिंतीला टेकलेल्या त्या पोरांवरून, बबलूवरून. मग मारलं. पांढरा बॉल काळ्याच्या शेजारून, त्याला न शिवता गेला आणि सरळ भोकात पडला.

डाव गेला. इंदूताई जिंकल्या.

पोरांनी असा गोंगाट केला की वरच्या केमिस्टच्या दुकानातून माणूस धावत आला. बबलूनं सगळ्यांना कोल्ड ड्रिंक पाजलं. टोनी आंटीजींना उचलायच्या बेतात होता. शिरीष हसत म्हणाला, "सवय गेली, आई." इंदूताई म्हणाल्या, "हो रे, हात बसलेला नाही तुझा." आणि त्यांनी त्याच्या शर्टाला लागलेला खडू पदरानं पुसला.

पैजेप्रमाणे शिरीषनं विषय पुन्हा काढला नाही. सुट्टी संपल्यावर तो परत निघाला तेव्हा मी टॅक्सीत सामान ठेवायला खाली गेलो होतो. इंदूताई वरून सज्ज्यातून पाहत होत्या. डिकी बंद करता करता तो हळूच म्हणाला, "काका, तो बॉल मी मुद्दाम चुकवला."

मी पटकन वर सज्ज्याकडे पाहिलं.

"तिकडे माझं घर असं आहे की दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी सकाळी जातो, रात्री येतो. ती खिडकीत बसून राहिली असती. इथं तिला सगळे 'आंटीजी, आपकी बारी' म्हणून हाका मारतात. ते ऐकलं आणि माझ्याच्यानं तो बॉल घालवेना. तिला सांगू नका. तिला वाटेल, पोरानं दया दाखवली." मग वर पाहून त्यानं आईला हात केला आणि टॅक्सी निघून गेली.

त्यानंतर इंदूताई तळघरात जाईनाशा झाल्या.

आधी वाटलं, दमल्या असतील. मग वाटलं, थंडी बाधली. पोरं येऊन विचारून गेली. चड्ढासाहेब डिंकाचे लाडू देऊन गेले. नलिनी वर गेली तर त्या दार उघडून नीट बोलल्या, चहा केला, पण एक पैजही लावली नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी खरोखर घाबरलो.

एका रविवारी दुपारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. पार्लरमध्ये कुणी नव्हतं. बबलू आमच्यासाठी चहा सांगायला वर गेला. इंदूताई टेबलाच्या कडेवर हात टेकून उभ्या राहिल्या.

"जिंकलात तेव्हापासून तुमचं काहीतरी बिनसलंय," मी म्हणालो.

"जिंकले कुठली," त्या म्हणाल्या. "त्यानं मला जिंकवलं. एवढा सोपा बॉल आंधळाही चुकवत नाही. माझ्याच पोराला मी ओळखत नाही का?"

मी टेबलावरचा एक बॉल उगाच हातात घेतला.

"माझी बॅग भरलेली होती, वैद्य."

"कसली बॅग?"

"तो येणार कळलं तेव्हाच भरून ठेवली होती. पलंगाखाली. पासपोर्टसुद्धा काढून घेतला होता, गुपचूप." त्या टेबलावरच्या हिरव्या कापडावरून बोट फिरवत होत्या. "मला जायचं होतं. पण तो 'चल' म्हणाला आणि मला कळेना, की कर्तव्य म्हणून म्हणतोय की खरंच हवीये मी त्याला. म्हटलं, खेळू. मन लावून जिंकला, तर समजायचं खरंच न्यायचंय. मी मुद्दाम हरू शकले असते, पण मग मला काय कळलं असतं? म्हणून जीव तोडून खेळले. आणि त्यानं बॉल सोडून दिला. म्हणजे सांगितलंच ना मला, की नको येऊस."

इतक्या दिवसांत त्यांनी मला पुष्कळ धक्के दिले होते. हा सगळ्यांत मोठा होता, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

"आता तो कधी विचारणारही नाही," त्या पुढे म्हणाल्या. "मीच तसं बोलून बसले. लोक म्हणतात, बाईला पैजेचं वेड आहे. अहो, वेड कसलं? नुसतं गमतीनं खेळलं की समोरचा 'मजा आ गया आंटी' म्हणतो आणि घरी जातो. काही लावलं की परत येतो. हरलेला उट्टं काढायला येतो, जिंकलेला फेडून घ्यायला येतो. दार वाजतं. पण ही एक गोष्ट लावायला नको होती. हे तोंडानं सांगायला हवं होतं, की ने मला."

शिरीषनं सांगू नका म्हटलं होतं. पण मला राहवलं नाही. टॅक्सीपाशी तो जे जे बोलला ते सगळं मी त्यांना सांगितलं. खिडकी, निर्मनुष्य रस्ता, 'आंटीजी, आपकी बारी'. त्या ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या, बराच वेळ.

"गाढव," शेवटी त्या म्हणाल्या. "आईला न विचारता आईचं भलं ठरवतो."

"तुम्ही तरी त्याला कुठे विचारलंत?"

त्या पुन्हा चष्मा पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "पण आता काय उपयोग? पैज ती पैज. हा विषय काढायचा नाही."

"कुणी काढायचा नाही?" मी म्हणालो. आयुष्यभर सरकारी कागद वाचले होते, त्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. "'तू' काढायचा नाहीस, असं म्हणाला होतात. मी तिथंच उभा होतो, कोट धरून. त्यानं काढायचा नाही. तुम्ही काढायचा नाही असं कुठे ठरलंय?"

इंदूताईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"असं म्हणता?"

"असंच आहे."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुटपुटत बोटांवर काही हिशेब केला. "तिकडे अजून पहाट असेल. रविवारचा उशिरा उठतो तो." त्यांनी कोपऱ्यातल्या दोन काठ्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली. "तोवर एक डाव होईल. या."

"मी? मला येत नाही. आणि लावायचं काय?"

"काही नाही हो. वेळ काढायचाय."

मी काठी धरली. कशीही धरली असणार, कारण त्यांनी माझं कोपर धरून सरळ केलं. मी वाकलो, डोळा मिटला आणि मारलं. काठी पांढऱ्या बॉलच्या अंगावरून घसरली. तो दोन वीत लोळला आणि कशालाही न शिवता मधेच थांबला.

चुकलं की पाळी दुसऱ्याची, एवढं मलाही माहीत होतं. मी काठी घेऊन बाजूला झालो. इंदूताईंनी तो बॉल उचलला, पदरानं पुसला आणि माझ्यासमोर पहिल्या जागी आणून ठेवला.

"परत मारा," त्या म्हणाल्या.